अंगदाच्या अंगात कराटे

आमच्या गावात कराटे येणारा आजच्या घडीला एकच माणूस आहे, आणि तो तुमच्याशी बोलतो आहे! कुठल्या क्लासला गेलो नाही, कुठल्या गुरूचे पाय चेपले नाहीत. मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वतःच स्वतःला घडवलं. काळा पट्टा मिळवायला लोकांना वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो म्हणतात. मला तो पहिल्याच दिवशी मिळाला! घराच्याच पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीचा जुना पट्टा खुंटीला लोंबकळत होता, तो कमरेला गुंडाळला. झालो ब्लॅक बेल्ट!

आता खरं सांगायचं तर 'गावात एकच' या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. आमचं गाव वडवणीपासून आत, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की धडधाकट माणसं सगळी ऊसतोडीला जातात. मुकादमाचा ट्रक येतो, त्यात भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या, खाटा चढतात, आणि सकाळी गजबजलेली गल्ली दुपारी गप्प होते. मागे उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. म्हाताऱ्यांचं दळण ते केवढं? पायलीभर ज्वारी दिली की आठवडाभर फिरकत नाहीत. गिरणी बंद असली की मला माझ्या चपलेचा आवाज ऐकू येतो, आणि तो ऐकायला मला अजिबात आवडत नाही.

घरात आमच्या मंदोदरीबाई होत्या. म्हणजे अजून आहेत, ठणठणीत आहेत, पण पुण्यात आहेत! रामायणात अंगद एका बाजूला आणि मंदोदरी दुसऱ्या बाजूला, तसंच आमचंही झालंय. गुढीपाडव्याच्या सुमाराला आमच्या लेकीच्या, स्वप्नालीच्या बाळंतपणाला म्हणून गेली. "सव्वा महिन्यात येते," म्हणाली. मग म्हणाली, बाळाला मान धरू द्या. मग म्हणाली, पालथं पडू द्या. मग रांगू द्या. आता स्वप्नालीची रजा संपलीय. या हिशेबाने ती नातवाची दहावीची परीक्षा उरकूनच येणार!

रोज संध्याकाळी तिचा फोन.

"जेवलात का?"

"जेवलो की! मस्तपैकी!"

"करमतं का?"

"लई मजेत हाय मी! तू राहा तिकडं निवांत."

आणि ती राहिली! आता याला काय म्हणावं? मी म्हणालो म्हणून ती खरंच राहिली! मी फोन ठेवायचो आणि शेव-चुरमुऱ्याची पुडी उघडायचो. एकट्यापुरती भाकरी थापायला बसलं की हातच चालत नाही. माझं तिच्याशिवाय अजिबात निभत नव्हतं, आणि हे तिला सोडून बाकी सगळ्या जगाला सांगायची माझी तयारी होती. पण बाकी जग ऊस तोडायला गेलं होतं.

एका संध्याकाळी मी तिला सांगितलं की शेजारच्या वस्तीवर बंद घर फोडलं. गल्लीतली सगळी जाताना घराच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवून गेलेली. त्यामुळे ती घाबरली.

"आन् चोर आला म्हंजी? तुमी काय करनार?"

"मी कराटे शिकतोय!"

तोंडातून निघून गेलं! तोवर कराटे हा शब्द मी फक्त ऐकून होतो.

"काय शिकताय?"

"कराटे! हातापायानं मारायचं असतं."

"कोन शिकवतंय तुमाला?"

"मीच!"

पलीकडे ती हसायला लागली. हसली म्हणजे किती हसली! मध्येच थांबून स्वप्नालीला सांगितलं, पुन्हा हसली. कित्येक महिन्यांत असा आवाज कानावर पडला नव्हता. रोज "जेवलात का, करमतं का, ठेवू का" एवढ्यात उरकणारा फोन त्या दिवशी दूध उतू जाईपर्यंत चालला. मी तिथेच ठरवलं. कराटे शिकायचं! चोर आला तर आला, नाही तर नाही, पण बायकोला रोज सांगायला काहीतरी पाहिजे.

मोबाईलमध्ये एक दाढीवाले गुरुजी सापडले. पांढऱ्या कपड्यांत, हिंदीतून शिकवायचे. मी लेंगा-बंडी घातली, पट्टा आवळला, कानात मोबाईलची ती बोंडं खुपसली आणि गिरणीत उभा राहिलो. गुरुजी म्हणाले, पाय उचला. मी उचलला. तेवढ्यात व्हिडिओ अडकला! चाक गरगर फिरतंय, गुरुजींचा पाय हवेत, माझाही पाय हवेत! आता खाली घ्यावा तर शिक्षण अर्धवट राहतं! मी पिठाचा डबा धरून तसाच उभा. गुरुजी हलले तेव्हा डबा, पीठ आणि मी एकदमच खाली आलो. त्या संध्याकाळी मंदोदरी फोनवर पुन्हा खूप हसली, म्हणजे धडा वाया गेला नाही.

गुरुजींचा सगळा जोर ओरडण्यावर. आवाज बेंबीतून आला पाहिजे म्हणायचे. आणि ओरडायचं काय, तर "हाऽऽय!" एक ठोसा, "हाऽऽय!" एक लाथ, "हाऽऽय!" आता तुम्हाला आमच्याकडची बोली माहीत असेल तर पुढचा अनर्थ तुमच्या लक्षात आला असेल. माझ्या आला नाही!

त्या दिवशी एका लग्नघरची हळद दळायला आली होती. कांडप यंत्रावर हळद दळली की माणसाचं काय होतं हे गिरणीवाल्यालाच विचारा. भुवया पिवळ्या, मिशा पिवळ्या, नखशिखान्त पिवळा! सूर्य मावळतीला गेला होता. म्हटलं, आता अंघोळ करायचीच आहे, तर आधी कराटे उरकून घेऊ. दाराकडे पाठ, कानात बोंडं, समोर गुरुजी.

पुढचं मला नंतर कळलं. आमच्या शेजारच्या बायनाबाई डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन दारात आल्या. म्हातारीचा लेक तानाजी आणि सून, दोघंही तोडीला गेलेली.

"अंगदा, हायेस का रं?"

"हाऽऽय!" मी. पण गुरुजींना!

"दळून देतूस नव्हं?"

"हाऽऽय!"

"आरं मग असा कावून वराडतूस? अंगात बिंगात आलंय का काय?"

"हाऽऽय! हाऽऽय! हाऽऽय!"

आणि मी गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे गर्रकन वळून लाथ मारली! समोर बायनाबाई! मी दचकलो, लाथ अर्ध्यात थांबवली, आणि पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे! खाली बसलो. डोळे फिरले, दात आवळले, घशातून घुंऽऽ घुंऽऽ असा आवाज येतोय.

"पाय!" मी कळवळलो. "पाय धर! बायना, पाय धर!"

माझ्या आईच्या वयाची बाई. तिला मी कधी जन्मात अगंतुगं केलेलं नाही. पण गोळा आलेल्या माणसाला कुठला मानपान! तिने पाटी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि पोटरी चोळायची सोडून माझ्या पायांवर डोकं ठेवलं!

"चुकलं माकलं माफ कर देवा! खंडुबा! आंगभर भंडारा लेवून आलास रं!"

माझ्या वेदना थांबायच्या आत म्हातारी गल्लीत पोचलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरणीच्या अंगणात गाव जमलं. म्हणजे होतं नव्हतं तेवढं! कुणी नारळ आणला, कुणी अंगण झाडून सडा टाकला. सगळ्यात पुढे धोंडीराम तात्या, काठीवर हनुवटी टेकून. तात्यांना कमी ऐकू येतं. बायनाबाईंनी हळदीची वाटी आणली होती. मी नको नको म्हणेपर्यंत कपाळ पिवळं झालं.

"आहो, ऐका!" मी हात जोडले. "देवबिव कुणी न्हाई! मी कराटे करतोय! कराटे!"

"काय म्हनतू?" तात्या.

"कराटे, तात्या! कराटे!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

तात्यांचा चेहरा एकदम उजळला. ते लोकांकडे वळले. "कराडचा हाय म्हनतू! देव कराडहून आलाय!"

आता झालं काय, आमच्या गावची सगळी टोळी यंदा कराडकडच्या कारखान्यावर गेली आहे! कराड म्हटल्यावर अंगणात अशी काही कुजबूज उठली की माझा आवाज तिच्यात बुडून गेला. बायनाबाई पुढे सरकल्या. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी.

"माझ्या तानाजीला बगून आलास का रं देवा? बरा हाय का त्यो?"

आता सांगा, मी काय म्हणणार होतो? मला तिथे ओरडून सांगायला पाहिजे होतं की बाबांनो, मी साधा गिरणीवाला, मोबाईल बघून लाथा मारतो! ते सांगितलं असतं तर सगळे उठून गेले असते. अंगणाकडे पाहिलं. कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी पान लावतंय, माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी चहा टाकलाय, आतून बांगड्यांचा आवाज येतोय. बांगड्यांचा आवाज! माझ्या घरातून!

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "हाऽऽय! बरा हाय!"

बायनाबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच बरं वाटलं.

पण देव झालं की देवाची कामं आली! रोज संध्याकाळी दरबार भरायचा आणि रोज नवे प्रश्न. नुसतं 'बरा हाय' किती दिवस पुरणार? म्हणून मी दुपारी गिरणीचं शटर खाली ओढून कराडला एकेकाला फोन लावायला लागलो. पोरांचे नंबर माझ्याकडे होतेच, किल्ल्यांबरोबर देऊन गेली होती. आणि गंमत बघा, जी पोरं घरी फोन केला की "बरं हाय, ठेवतो" म्हणायची, ती माझ्याशी घडाघडा बोलायची. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाची मुकादमाशी भांडणं. "पर मायला सांगू नका काका, उगं घोर लावून घेईल." मी ऐकून घ्यायचो. संध्याकाळी त्यातलं सोसेल तेवढं देवाच्या तोंडून सांगायचो. म्हातारी माणसं खूश, पोरं खूश, मी तर विचारूच नका! दुपारभर फोनवर बोलायला माणसं, संध्याकाळी अंगणभर माणसं. मंदोदरीला मात्र यातलं काही सांगितलं नाही. तिला सांगायचो, कराटे जोरात चाललंय, मी मजेत हाय.

घात झाला तो तानाजीमुळे. एका दुपारी तो म्हणाला, "काका, पायाला कोयता लागलाय. टाके पडलेत. पर आता बरं हाय. तुमाला म्हनून सांगतो, मायला अजाबात कळू देऊ नका."

मी ठरवलं होतं, नाही सांगायचं. पण संध्याकाळी बायनाबाईंनी विचारलं, "देवा, माझं पोर खरंच बरं हाय का? मला सपान वाईट पडलंय." आणि देवाची जीभ घसरली!

"पायाला लागलंय," देव म्हणाला. "पर भ्यायचं न्हाई. बरं व्हईल."

बायनाबाईंनी घरी जाऊन लेकाला फोन लावला आणि रडरड रडल्या. "अंगदाच्या अंगातल्या देवानं सांगितलं, तुझ्या पायाला लागलंय!" तानाजी चाट पडला. पायाची गोष्ट त्याने गावात एकाच माणसाला सांगितली होती. त्याने पुण्याला फोन लावला. "काकी, काकांकडं जरा बगून या. त्यांच्या अंगात यायला लागलंय. एकटं राहून राहून डोस्क्यावर परिनाम झाला का काय, कोन जाने."

मला यातलं काही माहीत नाही! मी दुसऱ्या संध्याकाळी आपला पट्टा आवळून, कपाळ पिवळं करून दरबारात बसलेलो. दोन-तीन "हाऽऽय" सोडून झाले. तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी माणसं बाजूला सरकली आणि हातात पिशवी घेऊन मंदोदरी आत आली.

प्रवासाने दमलेली. केसांवर धूळ. ती माझ्याकडे बघत राहिली. पट्ट्याकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं. मला वाटलं, आता पायातली काढते! पण बायनाबाईंनी तिचा हात धरून पुढे आणलं.

"ये मंदोदरी, तूबी इचार. लई खरं सांगतू देव."

मंदोदरीने पिशवी खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला. हात जोडले. मी पटकन डोळे मिटून घेतले, कारण तिच्या डोळ्यांत बघून देव होणं मला जमणारं नव्हतं.

"देवा," ती म्हणाली, "आमचे मालक रोज जेवतात का?"

बायनाबाई आणखी पुढे सरकल्या.

"न्हाई," मी म्हणालो.

"फोनवर तर जेवलो म्हनतात."

"खोटं बोलतो त्यो."

"त्यांला करमतं का?"

"न्हाई."

तिचा आवाज बारीक झाला. "माझी सय येती का त्यांला?"

तीस वर्षांचा संसार. हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता आणि मी कधी सांगितलं नव्हतं. आमच्यात कोण सांगतं असलं? पण डोळे मिटलेले होते, कपाळाला हळद होती, आणि बोलणारा मी नव्हतोच!

"लई," मी म्हणालो. "लई येती. सांजंला जास्त येती."

कुठलीतरी म्हातारी नाक ओढत होती. तेवढ्यात धोंडीराम तात्या खेकसले, "काय म्हनला रं? कराडला समदं ठीक हाय नव्हं?"

त्या रात्री मंदोदरीने भाकरी केली, मी जेवलो, आणि आम्ही यावर एक अक्षर बोललो नाही. मला वाटलं, बरं झालं, परस्पर मिटलं. आता ही राहणार! सकाळी तिने चहाची कपबशी समोर ठेवली आणि समोरच बसली.

"काल काय म्हनलात तुमी?"

"मी? कवा?"

"काल. सांजंला."

ती बघत होती. मला कळत होतं की आता फक्त तेच शब्द पुन्हा म्हणायचे आहेत. काल तर म्हटलेच होते! पण सकाळचं लख्ख ऊन, समोर बायको, हातात बशी. मी चहात फुंकर मारली.

"मी काय न्हाई म्हनलो. देव म्हनला."

"देव म्हनला?"

"हां! अंगात आल्यावर मानसाला कुठं सुध राहती!"

"म्हंजी तुमी मजेत हाव?"

"लई मजेत!"

"बरं," ती म्हणाली. उठली. दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरी केल्या, चटणी कुटली, बायनाबाईंच्या घरी जाऊन आली आणि पिशवी भरली. मी तिला फाट्यावर सोडायला गेलो. बस आली. ती खिडकीशी बसली. बाहेर वाकून म्हणाली, "काय सांगायचंय का?"

मी बेंबीपासून जोर लावला. गुरुजींनी शिकवलं होतं तसा. बस हलली.

"पोचल्यावर फोन कर!" मी ओरडलो.

संध्याकाळी अंगणात कुणी आलं नाही. मंदोदरीने बायनाबाईंना सगळं सांगून टाकलं होतं. त्या तेवढ्या येऊन आपली हळदीची वाटी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "देव न्हवता तर न्हवता. पर अंगदा, तू येडा हायेस." मी मान हलवली. मग अंगणात मी आणि एक कुत्रं. झाडलेलं अंगण रिकामं असलं की जास्तच मोठं दिसतं.

दिवेलागणीला फोन वाजला. तिचाच!

"पोचले," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

मग ती काही बोलेना, मीही बोलेना. पण फोनही कुणी ठेवेना. मागे नातू रडत होता, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी उठलो, दार लावून घेतलं, दिवा मालवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. डोळे गच्च मिटले. कपाळाला हळद नाही, कमरेला पट्टा नाही. नुसता अंगद.

"मंदोदरी," मी म्हणालो, "देव कुनी न्हवता. मीच म्हनलो. मला तुझी लई सय येती. घर खायला उठतंय. ये आता परत."

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला.

"मामा, मी सुरज बोलतोय." आमचे जावई! "बाळ रडायला लागलं म्हणून मामींनी फोन माझ्याकडं दिला, त्या आत गेल्यात. काय... काय निरोप देऊ त्यांना?"

मी दिवा लावला.

"काही नाही हो जावईबापू," मी म्हणालो. "हरभऱ्याची डाळ कुठल्या डब्यात आहे, तेवढं विचारून ठेवा!"